नियमगिरी: होकार कुणाचा, आणि तो कधी विचारायचा

ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचं प्रकरण सहसा शेवटाकडून सांगितलं जातं. २०१३च्या पावसाळ्यात डोंगरावरच्या १२ गावांत ग्रामसभा भरल्या, बाराही ठिकाणी बॉक्साइटच्या खाणीला नकार मिळाला आणि जानेवारी २०१४मध्ये केंद्र सरकारने प्रस्ताव फेटाळला. आदिवासी जिंकले, वेदांता कंपनी हरली. एवढ्यावर थांबलं तर सगळ्यात अवघड प्रश्न हातून निसटतो. त्या सभा भरल्या तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी वर्षाला १० लाख टन अॅल्युमिना (बॉक्साइटपासून मिळणारी, अॅल्युमिनियम बनवायची पूड) काढू शकणारा कारखाना कधीचा उभा होता. राज्य सरकारने त्यासाठी सामंजस्य करार केला जून २००३मध्ये. ज्यांच्या डोंगरातल्या खनिजाच्या भरवशावर तो बांधला, त्यांना रीतसर विचारायला त्यानंतर दहा वर्षं लागली.

हक्क कुणाचे होते यावर या प्रकरणात भरपूर लिहिलं गेलं आहे. कुणाला कोणत्या टप्प्यावर विचारलं, यावर त्या मानाने कमी. आमच्या मते पर्यावरणीय न्यायाचा खरा पेच तिथेच आहे.

डोंगर आणि गणित

नियमगिरीची रांग ओडिशाच्या रायगडा आणि कालाहांडी या दोन जिल्ह्यांत पसरली आहे. वरच्या उतारांवर डोंगरिया कोंध राहतात. त्यांची संख्या साधारण आठ हजार आणि सरकारी वर्गवारीत ते ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’. काही भागांत कुटिया कोंधही आहेत, आणि त्यांच्या शेजाराने पिढ्यान् पिढ्या राहणारे दलित आणि गौड लोकही. डोंगराचा मालक नियमराजा, तोच आद्य पूर्वज आणि तोच कायदा घालून देणारा, अशी कोंधांची श्रद्धा. वंशधारा नदी याच रांगेत उगम पावते.

डोंगरमाथ्यावर बॉक्साइटचा थर आहे. हा थर सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येतं. खाण म्हणजे नेमका हाच थर काढून नेणं. पाण्यावर याचा परिणाम काय होईल यावर तज्ज्ञांतही एकमत नव्हतं. भारतीय वन्यजीव संस्थेने पाण्याची आणि अधिवासाची हानी होईल असा इशारा दिला. उलट केंद्रीय खाण नियोजन व आरेखन संस्थेचं म्हणणं असं की सुरुंगांमुळे खडकात बारीक भेगा पडतील आणि पाणी मुरायला मदतच होईल. दोन्ही संस्था सरकारी होत्या. अशा वेळी अनिश्चिततेचा भार कुणी वाहायचा, हा विज्ञानापुरता प्रश्न राहत नाही. अंदाज चुकला तर कंपनीचा ताळेबंद बिघडतो. डोंगरावरच्या माणसाचा झरा आटतो आणि तो परत आणता येत नाही. ज्याचं नुकसान भरून न येणारं आहे, शंकेचा फायदा त्याला मिळायला हवा. प्रत्यक्षात बरीच वर्षं तो प्रकल्पाला मिळत राहिला.

आता खनिजाचा हिशेब. खाणीसाठी मागितलेली वनजमीन ६६०.७४९ हेक्टर, आणि साठा सुमारे ७.२ कोटी टन. एक टन अॅल्युमिनाला ढोबळमानाने तीन टन बॉक्साइट लागतं, म्हणजे १० लाख टनांच्या कारखान्याला वर्षाला ३० लाख टन. या वेगाने साठा २४ वर्षं पुरला असता. पण कंपनीने कारखान्याची क्षमता ६० लाख टनांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्या दिशेने कामही सुरू केलं. मग गरज वर्षाला १.८ कोटी टन, आणि साठा पुरणार चार वर्षं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नेमलेल्या, एन. सी. सक्सेना यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१०मध्ये ही विसंगती नेमकी दाखवली. ‘विकास विरुद्ध आदिवासी’ या नेहमीच्या मांडणीत हा आकडा फारसा येत नाही, खरं तर तो पहिल्याच ओळीत यायला हवा. चार वर्षांचा कच्चा माल आणि कायमचा बदललेला डोंगर, असा सौदा असेल तर हिताच्या तराजूत काय टाकायचं हेही बदलतं.

तुकड्या पाडून घेतलेली परवानगी

कारखाना आणि खाण एकाच साखळीच्या दोन कड्या होत्या. मंजुरी मात्र वेगवेगळी घेतली गेली. मार्च २००३मध्ये कारखान्याच्या पर्यावरण मंजुरीसाठी अर्ज झाला, त्यात वनजमीन लागणार नाही असं लिहिलं होतं. ऑगस्ट २००४मध्ये ५८.९४३ हेक्टर वनजमिनीसाठी वेगळा अर्ज आला. त्यातली ३० हेक्टर खाणीतून खनिज खाली आणणाऱ्या पट्ट्याच्या मार्गासाठी होती. २२ सप्टेंबर २००४ रोजी पर्यावरण मंत्रालयाने खाणीचा विषय बाजूला ठेवून एकट्या कारखान्याला मंजुरी दिली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने यावर कडक ताशेरे ओढले आणि खाणीसाठी वनजमीन देऊ नये अशी शिफारस केली.

कारखान्याचा अर्ज एकटा तपासला की परिणाम आटोक्यातले दिसतात, कारण डोंगर त्या कागदात नसतोच. पुढे खाणीचा अर्ज येतो तोवर पायथ्याशी हजारो कोटींची गुंतवणूक उभी असते आणि प्रश्न ‘डोंगर खणावा का’ असा उरत नाही, ‘एवढा पैसा वाया घालवायचा का’ असा होतो. ही गुंतवणूक गावकऱ्यांनी केलेली नसते, ती करा असं त्यांनी सांगितलेलंही नसतं. तरी तिचं ओझं त्यांच्या नकारावर येऊन बसतं. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत संमतीच्या अटी सांगतात: माहिती पूर्ण हवी, दडपण नको, निर्णय आधी घेतलेला नको. इथे तिसरी अट २००४मध्येच मोडली होती. २०१३ची ग्रामसभा या अर्थाने वरातीमागून घोडं होतं. ते घोडं शेवटी वरात अडवू शकलं ही त्या लोकांची चिकाटी. प्रक्रियेला त्याचं श्रेय देण्याचं कारण नाही.

भरपाईचा हिशेब कुणाच्या खात्यात

नोव्हेंबर २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेदांताला खाणीची परवानगी दिली नाही. त्याच महिन्यात नॉर्वेच्या सरकारी निवृत्तिवेतन निधीने वेदांताला आपल्या गुंतवणुकीतून वगळलं होतं आणि त्याची दखल न्यायालयाने घेतली होती. मात्र समूहातल्या स्टरलाइट या भारतीय कंपनीने ठरावीक अटी मान्य केल्या तर विचार करू, असा दरवाजा उघडा ठेवला. अटी मान्य झाल्या आणि ८ ऑगस्ट २००८ रोजी मंजुरीचा मार्ग मोकळा झाला. त्या अटींतले आकडे असे: वनजमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य (जंगल गेल्याने बुडणाऱ्या फायद्यांची आजच्या पैशातली किंमत) ५५ कोटी रुपये, वन्यजीव व्यवस्थापन आराखड्यासाठी ५०.५३ कोटी, आदिवासी विकासासाठी १२.२० कोटी, शिवाय परिसराच्या विकासासाठी दरवर्षी प्रकल्पाच्या करपूर्व नफ्याच्या ५ टक्के किंवा १० कोटी, यातली मोठी रक्कम.

५५ कोटींना ६६०.७४९ने भागलं तर हेक्टरी सव्वाआठ लाखांच्या आसपास येतात. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाने जंगलाच्या प्रतीनुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख असा दर ठरवला होता, तेव्हा हिशेब नियमाला धरूनच होता. अडचण त्या पैशाच्या वाटेत आहे. निव्वळ वर्तमान मूल्य जातं भरपाई वनीकरणाच्या निधीत. तो निधी दुसरीकडे झाडं लावायला वापरता येतो. ज्या बाईच्या वाटेवरची मोहाची आणि सालपाची झाडं गेली, तिच्या हाती त्यातला रुपयाही हक्क म्हणून पडत नाही. नुकसान एका जागी, भरपाई दुसऱ्या जागी आणि निर्णय तिसऱ्या जागी अशी ही रचना. अन्याय मोजायला याहून सोपी पट्टी शोधावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. नफ्यात वाटा देणं म्हणजे हक्काची किंमत ठरली असं समजणं. जमीन हे उत्पन्नाचं साधन असेल तर ते शक्य आहे. ज्यांच्यासाठी डोंगर हाच देव, पूर्वज, पाण्याची टाकी आणि शेत आहे, त्यांच्याशी सौदा करायला समान मापच नाही. मात्र हा आक्षेप सरसकट लावणंही चुकीचं. मैदानातल्या काही गावांना रोजगार आणि दवाखाना हवा होता आणि तसं ते उघड सांगतही होते. ती मागणी खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. पण ती पुरवणं हे राज्याचं कर्तव्य होतं, खाण होवो वा न होवो. दवाखान्याच्या बदल्यात डोंगर मागणं म्हणजे आधीच देणं असलेल्या गोष्टीचा मोबदला घेणं.

वनहक्क कायद्याने काय बदललं

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) कायदा डिसेंबर २००६मध्ये संसदेने संमत केला आणि नियम १ जानेवारी २००८पासून लागू झाले. म्हणजे ऑगस्ट २००८चा आदेश आला तेव्हा कायदा अंमलात होता, तरी ग्रामसभेला विचारण्याची अट त्या आदेशात नव्हती. डिसेंबर २००८मध्ये वनजमिनीला तत्त्वतः मंजुरी मिळाली. ३ ऑगस्ट २००९ रोजी पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलं: वनजमीन वळवण्याचा प्रस्ताव पाठवताना हक्कमान्यतेची प्रक्रिया पूर्ण झाल्याचा राज्याचा दाखला आणि संबंधित ग्रामसभांचे संमतीचे ठराव जोडलेच पाहिजेत. हे परिपत्रक नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कायद्यातली चार कलमं या प्रकरणाचा कणा आहेत. कलम ३(१)(ङ) आदिम जमातींच्या अधिवासाच्या सामूहिक हक्काविषयी आहे. कलम ३(१)(झ) सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचं व्यवस्थापन करण्याचा हक्क देतं. हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हटवता येणार नाही, असं कलम ४(५) सांगतं. आणि कलम ५ हक्कधारकांवर जबाबदारी टाकतं: वन्यजीव, जंगल, पाणलोट क्षेत्र सांभाळायचं आणि आपला सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा उद्ध्वस्त करणाऱ्या कृतींपासून अधिवास वाचवायचा.

कलम ५चा तर्क शेवटपर्यंत नेला की डोंगरियांचा नकार वेगळा दिसू लागतो. पाणलोट राखण्याचं कर्तव्य कायद्यानेच त्यांच्यावर टाकलेलं आहे. पाणलोटाचा माथा खणून काढण्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नसेल तर ते कर्तव्य पार पाडायचं कशाने? तेव्हा हा नकार म्हणजे विशेष सवलत नव्हती. खालच्या मैदानातल्या, कधी न भेटलेल्या शेतकऱ्यांच्या पाण्याची राखणही त्यात आपोआप होत होती.

सक्सेना समितीने १६ ऑगस्ट २०१० रोजी अहवाल दिला. वनहक्क कायद्याचं उल्लंघन झालं आहे, कारखान्याच्या कुंपणात २६.१२३ हेक्टर गावजंगल गेलं आहे आणि विस्ताराचं काम मंजुरीविना सुरू आहे, असे तिचे निष्कर्ष होते. २४ ऑगस्टला पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अंतिम वनमंजुरी नाकारली.

एकच राज्य, अनेक टोप्या

त्या नकाराला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशनने, म्हणजे राज्य सरकारच्याच महामंडळाने. खाणीचा पट्टा याच महामंडळाच्या नावे मिळणार होता आणि खनिज जाणार होतं पायथ्याच्या कारखान्याला. राज्य खनिजाचं मालक, खाणीतला भागीदार, हक्कांचे दावे मान्य करणारी यंत्रणा, ग्रामसभा भरवणारं प्रशासन आणि अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींचं विश्वस्त, हे सगळं एकाच वेळी होतं. विश्वस्त स्वतःच खरेदीदाराच्या बाजूला बसतो तेव्हा त्याच्या हेतूची चर्चा करण्यात अर्थ नसतो. प्रामाणिक जिल्हाधिकारीही या रचनेत अडकतो. हक्कदाव्यांच्या जिल्हास्तरीय समितीचा अध्यक्ष तोच, आणि ‘प्रक्रिया पूर्ण झाली’ हा दाखलाही त्याच्याच कार्यालयातून निघतो.

१८ एप्रिल २०१३च्या निकालात न्यायमूर्ती आफताब आलम, के. एस. राधाकृष्णन आणि रंजन गोगोई यांच्या खंडपीठाने या गुंत्यावर व्यावहारिक तोडगा काढला. दावे ग्रामसभेपुढे जातील, सभेला जिल्हा न्यायाधीश दर्जाचा न्यायिक अधिकारी निरीक्षक म्हणून हजर राहील, तीन महिन्यांत ग्रामसभा निर्णय देईल आणि त्यानंतर दोन महिन्यांत मंत्रालय अंतिम निर्णय घेईल. नियमराजाच्या पूजेच्या हक्कावर खाणीचा परिणाम होत असेल तर तो हक्क जपला पाहिजे, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. राज्यघटनेचे धर्मस्वातंत्र्याविषयीचे अनुच्छेद २५ आणि २६ इथे वनहक्क कायद्याला येऊन मिळाले.

ग्रामसभेला नकाराधिकार मिळाला, असं या निकालाविषयी सर्रास म्हटलं जातं. निकालाची चौकट तेवढी रुंद नाही. ग्रामसभेने दावे तपासायचे, आपलं मत द्यायचं, आणि त्याच्या प्रकाशात अंतिम निर्णय मंत्रालयाने घ्यायचा. व्यवहारात तो नकाराधिकार ठरला, कारण १२ सभांच्या एकमुखी ठरावांनंतर उलटा निर्णय घेणं राजकीयदृष्ट्या अशक्य झालं. दोन सभा फुटल्या असत्या तर काय झालं असतं, याला निकालात उत्तर नाही.

बारा गावं

नियमगिरीच्या पंचक्रोशीत शंभराहून अधिक गावं-पाडे आहेत. राज्य सरकारने ग्रामसभेसाठी १२ निवडली, सात रायगड्यातली आणि पाच कालाहांडीतली. खाणपट्ट्याला लागून असलेली तेवढीच, हा राज्याचा निकष. केंद्रीय आदिवासी व्यवहार मंत्रालयाने हरकत घेतली: देव सगळ्या रांगेचा आहे, हक्कही सगळ्यांचा, मग विचारायचं फक्त बारांना कसं? ही हरकत बरोबर होती. ‘बाधित’ कोण हे ठरवण्याची मुभा प्रकल्प आणणाऱ्याच्या हाती असेल तर अर्धा निकाल तिथेच लागतो. पूजेचा हक्क खाणपट्ट्यापासून किती मीटरवर संपतो, असा विचारच मुळात चुकीचा आहे.

पहिली सभा १८ जुलै २०१३ला सेरकापाडीत झाली, शेवटची १९ ऑगस्टला जरपामध्ये. अधेमधे केसरपाडी, ताडीझोला, फुलडुमेर, लाखपदर, खंबेसी वगैरे. इजुरुपा या पाड्यावर तर एकच कुटुंब होतं, ते कोंध नव्हे, गौड. त्यांनीही नकार दिला. सामूहिक हक्क म्हणून पूजेसाठी ठरावीक तुकडा आखून द्यायची राज्याची तयारी अनेक सभांत लोकांनी धुडकावली. त्यांचं म्हणणं एवढंच की संपूर्ण डोंगर नियमराजाचा आहे, त्यातून देवाला वाटा काढून देणारे तुम्ही कोण.

देव नसलेला डोंगर

नियमगिरीचा निकाल गाजला तो श्रद्धेच्या आधारावर, आणि त्यात एक धोका दडलेला आहे. जिथे माथ्यावर देव नाही किंवा आहे पण तो न्यायालयाला ओळखू येईल अशा रूपात नाही, तिथल्या लोकांनी काय सिद्ध करायचं? कलम ३मधले हक्क उपजीविका, वहिवाट आणि राखण यांवर उभे आहेत, श्रद्धेच्या पुराव्यावर नाहीत. पण एकदा श्रद्धेचा युक्तिवाद जिंकला की पुढच्या प्रत्येक खटल्यात तोच शोधला जातो, आणि ज्यांची संस्कृती बाहेरच्यांना पुरेशी ‘आदिम’ वाटत नाही ते मागे पडतात. याच डोंगरातले दलित शेजारी घ्या. वनहक्क कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरायला १३ डिसेंबर २००५पूर्वी तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. ज्यांच्याकडे कागद कधी नव्हतेच त्यांना ही अट जड जाते. त्यांना डोंगर कमी लागतो असं मात्र नाही.

पायथ्याचे लोक या सगळ्यातून सुटून गेले. कारखान्यासाठी विस्थापित झालेल्या कुटुंबांना ग्रामसभेचं संरक्षण मिळालं नाही, कारण त्यांची जमीन आधीच्या टप्प्यात गेली होती. त्यांच्या वाट्याला जनसुनावणी आणि पुनर्वसन वसाहत आली. जनसुनावणीत म्हणणं नोंदवलं जातं, संमती लागत नाही. शिवाय खाण झाली नाही तरी कारखाना चालूच राहिला, दुसरीकडचं बॉक्साइट आणून. डिसेंबर २०१२मध्ये कच्च्या मालाअभावी तो बंद पडला होता, जुलै २०१३मध्ये, म्हणजे वर सभा सुरू होण्याच्या सुमारास, पुन्हा सुरू झाला. एक टन अॅल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन लाल गाळ निघतो. कॉस्टिक सोड्यामुळे तो तीव्र अल्कधर्मी असतो, आणि त्याचा तलाव वंशधारेच्या जवळ आहे. गळतीबद्दल राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला नोटिसाही दिल्या होत्या. माथा वाचला, पायथ्याचा भार तसाच राहिला. न्याय झाला का, याचं उत्तर उभं कुठे राहून विचारता यावर अवलंबून आहे.

अशी फाइल वाचताना

वनजमिनीचं कुठलंही प्रकरण तपासणाऱ्याने आधी तारखा एका ओळीत मांडाव्यात: करार, पर्यावरण मंजुरी, बांधकामाची सुरुवात, तत्त्वतः वनमंजुरी, हक्कदाव्यांची मान्यता, ग्रामसभेचा ठराव. ठराव बांधकामानंतरचा असेल तर त्याला संमती म्हणताना हात आखडता घ्यावा.

मग सभेची पातळी पाहावी. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभा पाड्याची असू शकते. ग्रामपंचायतीची एकच सभा घेऊन दहा-पंधरा पाड्यांचा होकार दाखवणं ही सगळ्यात जास्त आढळणारी गफलत. पंचायतीच्या मुख्य गावात सभा ठेवली की डोंगरावरच्या बायका येतच नाहीत. २०१२च्या दुरुस्त नियमांनुसार गणपूर्तीला किमान निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. पाड्यावर ६० प्रौढ असतील तर ३० हजर हवेत, त्यांत १० बायका. दाव्यांवर ठराव असेल तर निम्मे दावेदारही हजर हवेत. सह्यांची आणि अंगठ्यांची यादी मतदारयादीशी ताडून पाहावी. मयत किंवा परगावी गेलेल्यांची नावं निघाली तर तिथेच थांबावं.

ठरावाचा मजकूर बारकाईने वाचावा. वेगवेगळ्या गावांचे ठराव शब्दशः सारखे असतील, एकाच टंकलेखनाचे असतील, तर ते गावात लिहिलेले नाहीत. ‘हरकत नाही’ आणि ‘संमती आहे’ यांत फरक आहे. काय गमावणार याचा उल्लेख नसलेला होकार हा माहितीवर आधारलेला होकार होत नाही. किती हेक्टर, कोणते झरे, किती वर्षं, कचरा कुठे टाकणार, हे सभेत लोकांच्या भाषेत सांगितल्याची नोंद इतिवृत्तात असली पाहिजे. नियमगिरीत न्यायाधीश हजर होते, लोक आपल्या भाषेत बोलले, पत्रकार समोर होते. इतर ठिकाणी यातलं काहीच नसतं, आणि २०१३चा अनुभव आदर्श म्हणून सांगताना हे विसरलं जातं.

दावे पूर्ण झालेत का, हेही स्वतंत्रपणे पाहावं. वनहक्क समिती पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय आणि शेवटी जिल्हास्तरीय समिती. वैयक्तिक पट्टे वाटून ‘प्रक्रिया पूर्ण’ म्हणायचं आणि सामूहिक दावे पडून ठेवायचे, ही पद्धत फार रुळली आहे. वृद्धांचा लेखी जबाब हा नियमांनुसार ग्राह्य पुरावा आहे. ‘कागद नाही’ म्हणून फेटाळलेला दावा त्यामुळे पुन्हा उघडता येतो.

त्यानंतर

ओडिशा सरकारने ग्रामसभा पुन्हा घ्याव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. मे २०१६मध्ये ती मागणी न्यायालयाने ऐकून घेतली नाही. नियमगिरी तूर्त खाणीविना आहे. पण नियम सरकत आहेत. फेब्रुवारी २०१३मध्येच रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून बहुतांशी सूट मिळाली होती. २०२२च्या वन (संवर्धन) नियमांनी क्रमच बदलला. पूर्वी केंद्राने अंतिम मंजुरी देण्याआधी वनहक्क कायद्याचं पालन झाल्याची खात्री करून घ्यायची होती. आता केंद्राची मंजुरी आधी मिळू शकते, पालनाची जबाबदारी राज्यावर, आणि तीही जमीन प्रत्यक्ष वळवण्याचा आदेश काढण्यापूर्वी. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने याला आक्षेप घेतला. मंजुरी हातात घेऊन गावात जाणारा अधिकारी आणि कोरा कागद घेऊन जाणारा अधिकारी यांना मिळणारी उत्तरं सारखी नसतात.

२०२३मध्ये याच दोन जिल्ह्यांतल्या सिजिमाली डोंगराचा बॉक्साइट पट्टा वेदांताला मिळाला. ८ डिसेंबर २०२३ रोजी दहा गावांत ग्रामसभा होऊन संमती मिळाल्याचं कागदोपत्री दाखवलं गेलं. अशा सभा झाल्याच नाहीत, सह्या खोट्या आहेत, असा गावकऱ्यांचा आरोप आहे. नियमगिरीत बाराही सभांना जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक होता, कारण न्यायालयाने त्या एका प्रकरणापुरता तसा आदेश दिला होता. वनहक्क कायद्यात किंवा त्याच्या नियमांत तशी तरतूद आजही नाही.